शिवण शिकवून झालं, पण कमाई सुरू होत नाही

तुम्ही लिहिलंय की वस्तीतल्या वीसजणींना तीन महिने शिवण शिकवलं, प्रमाणपत्रं दिली, आणि सहा महिन्यांनी जेमतेम दोघी काहीबाही शिवताहेत. बाकीच्यांना चिकाटी नाही असं तुमच्या कार्यकर्त्यांचं म्हणणं. पुढच्या तुकडीला काय वेगळं करावं, हा तुमचा प्रश्न.

ते चिकाटीचं आधी बाजूला ठेवूया. बारा वर्षं मी हेच काम करतेय आणि माझी पहिली तुकडीसुद्धा अशीच पांगली होती. घर, पोरं, मजुरी सगळं उरकून जी बाई तीन महिने रोज दोन तास येऊन बसली, तिला चिकाटी नाही हे मला अजिबात पटत नाही. शिकून झाल्यावर तिच्या हाताला काम नव्हतं, एवढंच झालंय. टीप मारायला शिकवणं त्या मानाने सोपं आहे. गिऱ्हाईक शोधणं, भाव ठरवणं, पैसे वसूल करणं हे खरं अवघड, आणि नेमकं तेच आपण तिच्यावर सोडून मोकळे होतो.

म्हणून पुढच्या तुकडीची नावं लिहून घ्यायच्या आधी माल घेणारा शोधा. 1969च्या दुष्काळात चंदाबेन श्रॉफ मदतकार्यासाठी कच्छमध्ये गेल्या. तिथल्या बायकांना भरतकाम पिढ्यान्‌पिढ्या येत होतं, त्यामुळे शिकवण्याचा प्रश्नच नव्हता. चंदाबेननी त्यांना साड्या भरायला दिल्या आणि विकायचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं. 'श्रुजन' ही भरतकाम करणाऱ्या बायकांची संस्था उभी राहिली ती त्यातून. तुमच्या बायकांना शिकवावं लागेल हे खरं, पण विक्रीची जबाबदारी संस्थेने घ्यायची ही गोष्ट तिथून जरूर उचला.

घेणारा मिळाला की एकच वस्तू ठरवा आणि तीच शिकवा. झबलं, फ्रॉक, परकर, ब्लाउज असा पूर्ण अभ्यासक्रम तीन महिन्यांत कुणाच्याच हातात मुरत नाही. साधी कापडी पिशवी घ्या. आमची पहिली मोठी ऑर्डर पिशव्यांचीच होती आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त परत आल्या. दिसायला सुरेख होत्या, पण सामान भरलं की हातात धरायचे बंद उसवायचे. एकेरी टीप मारली होती ना. मग बंदाचं टोक आत दुमडून त्यावर चौकोन आणि चौकोनात फुली अशी टीप घालायची, हे ठरवून टाकलं. पिशवीत पाच किलो वजन भरायचं, बंदाला धरून रात्रभर खुंटीला लटकवायची, आणि सकाळी टाके ताणलेले दिसले तर ती करणारीनेच उसवून पुन्हा शिवायची. दोन आठवड्यांत बायकाच एकमेकींच्या टिपा तपासायला लागल्या. 'छान झालंय' असं सगळ्यांना म्हणत राहिलो असतो तर हे कधीच झालं नसतं. गरीब बायकांनी केलंय म्हणून लोक एकदा घेतात. पुन्हा घेतात ते पिशवी टिकली म्हणून.

आता मजुरी, आणि इथे घाई करू नका. आमच्यातली एक म्हणाली, पिशवीला पंचवीस मिनिटं लागतात. आम्ही तोच हिशोब धरून दर सांगितला. पुढे घड्याळ घेऊन तिच्या शेजारी बसले तेव्हा दिसलं की पंचवीस मिनिटं नुसती मशीनवरची होती. कापड बेतून कापायला सहा, इस्त्रीला चार, बंद उलटवायला पाच, दोरे कापायला तीन, आणि उसवून दुरुस्त करण्याचे सरासरी दोन धरले तर पंचेचाळीस. म्हणजे जवळजवळ अर्धं काम ती फुकट करत होती, आणि तो दर आम्हीच ठरवलेला. त्यात दोरा, सुई, वीज आणि माल आणण्यापोचवण्याचा खर्च वेगळाच. तेव्हा आधी तासाची मजुरी ठरवा, ती शेतावर किंवा बांधकामावर मिळते त्याहून कमी नको, आणि तिच्यावरून नगाचा दर काढा. त्या दरात घेणाऱ्याला परवडत नसेल तर वस्तू बदला. मजुरीला हात लावू नका.

पैसे माल जमा केला त्याच दिवशी द्या. दुकानदार महिना-दोन महिने उधारी ठेवतात, आणि जिच्या घरी आजचं उद्यावर ढकलता येत नाही ती बाई तेवढं थांबू शकत नाही. ती पुन्हा मजुरीला जाते आणि आपण म्हणतो, टिकली नाही. बांगलादेशात 'ब्रॅक' या स्वयंसेवी संस्थेने 1978मध्ये 'आरोंग' हे हस्तकलेच्या वस्तूंचं दुकान सुरू केलं त्यामागचं मोठं कारण हेच होतं. रेशमाचं काम करणाऱ्या बायकांना दुकानांकडून पैसे मिळायला महिनोन्‌महिने लागत, आणि आरोंगमुळे ते माल देताच मिळायला लागले. त्यासाठी फिरतं भांडवल लागतं. यावेळी देणगीदाराकडे आणखी मशीन मागू नका, तीन महिन्यांच्या मजुरीएवढी रक्कम मागा. समजवायला वेळ लागेल, पण चिकटून राहा.

शिकण्याच्या काळातही काहीतरी मोबदला ठेवा, कारण वर्गाला येण्यासाठी तिने मजुरीचा खाडा केलेला असतो. आणि पैसे तिच्याच नावाच्या खात्यात जाऊ देत. इला भट्ट यांनी 1972मध्ये स्वतःच्या कष्टावर कमावणाऱ्या बायकांची 'सेवा' ही संघटना काढली आणि दोनच वर्षांत बायकांची स्वतःची बँक उभी केली, ती याच गरजेतून. खातं उघडलं म्हणजे घरातली ओढाताण संपते असं नाही, पण निदान किती आले ते तिला कळतं. नगांची आणि पैशांची नोंद दोन वह्यांत करा, एक तुमच्याकडे, एक तिच्याकडे. घरी बसून काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1996च्या 177व्या करारात म्हटलंय. आपल्याकडून त्याची सुरुवात तिच्या हातातल्या वहीने तरी होऊ दे.

आणखी एक. सगळ्याजणी शिवणारच असं धरू नका. आमच्याकडे एकीचा हात शेवटपर्यंत सरळ चालला नाही. पण वाकडी टीप तिला हातभर लांबून दिसायची. आज तीच तपासणी करते, तिच्या सहीशिवाय माल बाहेर जात नाही. कुणी बेतायला चांगली असेल, कुणी हिशोबाला, कुणी दुकानदाराशी बोलायला.

नवी तुकडी सध्या थांबवा. त्या अठराजणींच्या घरी जा, काम का सुटलं ते विचारा आणि मध्ये न बोलता ऐकून घ्या. पाच-सहाजणी तयार झाल्या तर पन्नास नगांची एकच ऑर्डर धरा. पहिला नमुना झाला की त्याची मापं आणि कोणत्या कामाला किती मिनिटं लागली ते लिहून कळवा, दर आपण मिळून काढू.