दशांश कुठे द्यायचा?

पगार १४,००० असेल तर दशांश, म्हणजे देवासाठी काढायचा दहावा भाग, १,४०० रुपये. त्यातले हजार आपल्या मंडळीला, म्हणजे चर्चला दे; पाळकांचं मानधन, विजेचं बिल तिथूनच भागतं. उरलेले ४०० एकाच कामाला, दरमहा. चार ठिकाणी शंभर-शंभर वाटले की कुणाचंच धड होत नाही. उदाहरणार्थ, बीडकडची कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात, लेकरं मागे राहतात; त्यांच्या वसतिगृहाला पैसा तेव्हापासून लागतो, नुसता नाताळात नव्हे. आधी स्वतः जाऊन ये. धान्याची कोठी बघ, मागच्या वर्षाचा ऑडिट अहवाल माग. टाळाटाळ झाली तर हात आखडता घे. रोख २,००० रुपयांच्या वर दिलंस तर देणगीवरची आयकर सवलत (८०जी) जाते. नव्या करप्रणालीत तर ती मुळातच नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा क्यूआर कोड पाळकांना विचारल्याशिवाय स्कॅन करायचा नाही.