मासिक काढून राजकारणात जायचंय

बार्शीहून एका आईनं विचारलंय: मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, ‘मार्मिक’चं उदाहरण देते, मासिक काढून पुढे राजकारणात जायचं म्हणते. तिला अडवू का?

ताई, अडवू नका. फक्त तारखा तिच्यापुढे ठेवा. बाळासाहेब ठाकरे यांनी १३ ऑगस्ट १९६० ला ‘मार्मिक’ काढलं, तेव्हा ते ३४ वर्षांचे होते. ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये व्यंगचित्रकार म्हणून हात बसलेला होता. शिवसेना निघाली १९ जून १९६६ ला. मधल्या काळात या साप्ताहिकानं मुंबईतल्या कंपन्यांमधल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली छापल्या. नोकरीसाठी वणवण करणाऱ्या मराठी तरुणांना त्या झोंबल्या आणि संघटनेला माणसं मिळाली ती त्याच वाचकांतून. दाक्षिणात्यांविरुद्धचा रोषही त्या याद्यांनीच पेटवला, तो भाग तिनं उचलू नये. नावनिशीवार छापायचंच तर टँकरच्या फेऱ्या छापाव्यात, रस्त्याची बिलं छापावीत. माहिती अधिकाराचा अर्ज ₹१० मध्ये होतो.

आधी दोन वर्षं एखाद्या दैनिकात तालुक्याची बातमीदारी करू द्या. मग त्रैमासिकापासून सुरुवात. मासिकाची धाप पहिल्या वर्षातच लागते. १६ पानी दोन फर्मे, म्हणजे ३२ पानं पुरेत. शीर्षक आणि नोंदणीचा अर्ज आता प्रेस सेवा पोर्टलवर एकत्रच करता येतो.

बहुतेक नियतकालिकं बुडतात ती वर्गणीच्या पैशांनी. वर्षाची वर्गणी आगाऊ येते, पहिल्या दोन अंकांच्या कागद-छपाईत संपते, आणि उरलेले अंक द्यायचे कशातून? वर्गणीचं खातं वेगळं ठेवा, अंक निघेल तसा त्याच्या वाट्याचाच पैसा काढा. दुसरा धोका वाढदिवसाच्या जाहिरातींचा. नगरसेवकाचं पानभर अभीष्टचिंतन छापल्यावर त्याच्याच प्रभागातल्या गटाराबद्दल लिहिताना पेन अडतं. दुकानं, क्लासेस, कृषी सेवा केंद्रं यांच्या छोट्या जाहिराती घ्याव्यात. वसुलीला चकरा जास्त, पण मिंधेपण नाही.

नगरपरिषद किंवा जिल्हा परिषदेसाठी वय २१ लागतं, विधानसभेला २५. उभी राहिलीच तर त्या काळात संपादकपद दुसऱ्याकडे द्यावं. पैसे मोजून छापून आणलेला प्रचार उमेदवाराच्या खर्चात धरतात, आणि प्रचारपत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर गुन्हा होतो.