वही काढली की मनगट चावतो

सहा वर्षांचा, ऑटिझम असलेला मुलगा. बोलणं दोन-चार शब्दांपुरतं. लिहायची वही समोर आली की वळ उठेपर्यंत स्वतःचं मनगट चावायचा. आई रडकुंडीला आली होती. "मॅडम, हा मुद्दाम करतो का हो? सासूबाई म्हणतात, लाडावलाय, दोन फटके द्या." हा प्रश्न माझ्याकडे येणारे बहुतेक आईवडील विचारतात.

दात, कान, पोट दुखत नाही ना, हे आधी बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घेतलं. मग आईला आठवडाभर तीन रकाने भरायला सांगितले: आधी काय घडलं, त्याने काय केलं, लगेच नंतर काय झालं. पालक ज्याला 'एबीए' म्हणतात, त्या वर्तन विश्लेषणाचा पाया हाच. तिसरा रकाना वाचताना आईच थबकली. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच नोंद: 'वही बाजूला ठेवली.' चावलं की लिहिणं टळतं, हे तो शिकला होता. ज्या वागण्याने सुटका होते, ते पक्कं होत जातं. फटके दिले असते तरी त्या रडारडीत वही बाजूलाच गेली असती.

म्हणून सुटका मागायची दुसरी वाट दिली: 'थांबूया'चं चित्रकार्ड. ते दिलं की वही लगेच बंद, दोन मिनिटं मोकळीक. आई समोर, बाबा मागे. तो चुळबुळ करायला लागला की, चावण्याआधीच, बाबा त्याचा हात धरून कार्ड आईला द्यायला लावत. पुढे नुसता कोपराला स्पर्श, मग तोही नाही. त्रासदायक वागण्याऐवजी मागायला शिकवण्याची ही पद्धत कार आणि ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये मांडली.

"मग हा कधी लिहिणारच नाही!" बाबांची शंका रास्त होती. कार्ड अंगवळणी पडल्यावर आधी एक अक्षर, मग सुटका. पुढे एक ओळ. जाड पेन्सिल आणि मोठ्या चौकटींची वही आणली. चावून वही जात नाही म्हटल्यावर मधे काही दिवस चावणं वाढलं. त्याची कल्पना आधीच दिली होती, मनगटाला जाड कापडी पट्टीही बांधली होती, म्हणून घरच्यांनी धीर सोडला नाही.

आनंदात हात फडफडवणं मात्र मी थांबवायला घेत नाही. त्याने कुणाचं काही बिघडत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लोवास यांनी वर्तन विश्लेषणाच्या उपचारांत विजेचे झटकेही वापरले होते. अशा शिक्षांवर प्रौढ ऑटिस्टिक व्यक्ती घेतात ते आक्षेप मला पूर्ण पटतात. शिक्षा करणाऱ्या केंद्रात मूल पाठवू नका.

आता चावणं क्वचित होतं. शाळेतल्या बाईंनाही तसंच कार्ड दिलंय. घरी शिकलेलं शाळेत आपोआप येत नाही. तिथे पुन्हा हात धरूनच सुरुवात करावी लागली.