रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ वर कमी खर्चात हटके कस्टम बिल्ड करायचा आहे, पण गाडी टूरिंगलाही वापरायची आहे. सुरुवात कुठून करावी आणि काय टाळावं?

गाडी वेगळी दिसायला हवी आणि सामान लादून लांबही जायला हवी, अशा दोन अटी तुम्ही घातल्या आहेत. दुसरी अट खरोखर पाळायची असेल तर एक गोष्ट आत्ताच ठरवा: मूळ फ्रेमला ग्राइंडर लावायचा नाही. जे बनवाल ते कंपनीच्या भोकांवर बोल्टने बसलं पाहिजे आणि हवं तेव्हा उतरवता आलं पाहिजे.

४११ या बाबतीत सोपी आहे. टाकीच्या बाजूचे गार्ड, मागचा कॅरिअर, समोरचं उंच चोचीचं मडगार्ड, काच हे सगळं बोल्टवर आहे. पैसे खर्च करण्याआधी एक दुपार काढून एवढंच उतरवा आणि बाजूने फोटो काढा. त्या फोटोच्या प्रिंटवर पेन्सिलने चितारत बसणं हे सगळ्यात स्वस्त डिझाइनिंग आहे.

पुढे प्रामुख्याने तीन वाटा आहेत: स्क्रॅम्बलर (रस्त्याची गाडी, पण कच्च्यावरही चालेल अशी), रॅली (लांब पल्ल्याच्या कच्च्या शर्यतीच्या धाटणीची) किंवा फ्लॅट ट्रॅकर. ट्रॅकर तुमच्यासाठी नाही. कंपनीची एफटी४११ याच इंजिनावर बनलेली आहे, पण ती मातीच्या ट्रॅकवर घसरवायची गाडी; तिच्यावर बॅगा लावायचा प्रश्नच येत नाही. उरल्या दोन.

स्क्रॅम्बलरचा आयता नमुना म्हणजे कंपनीचीच २०२२ ची स्क्रॅम ४११. हिमालयनचा हेडलाइट आणि मीटर फ्रेमला धरलेले असतात, हँडलबरोबर वळत नाहीत. स्क्रॅममध्ये हेडलाइट शॉकअपवर आला आणि पुढचं चाक २१ ऐवजी १९ इंची झालं. हे दोन बदल ऐकायला किरकोळ वाटतात, पण बहुतेक बिल्ड इथेच फसतात.

आधी हेडलाइट. पुढच्या शॉकअपचा प्रवास २०० मिमी आहे. म्हणजे मोठ्या खड्ड्यात चाक २०० मिमी वर येतं आणि चाकावरचं मडगार्डही त्याच्यासोबत. स्टँडवर उभ्या गाडीत हेडलाइट छान खाली बसलेला दिसतो आणि पहिल्याच आदळण्यात मडगार्ड त्याला खालून फोडतं. तपासायची पद्धत अशी: गाडी इंजिनाखाली जॅकवर पक्की धरा, शॉकअपच्या वरच्या टोप्या सैल करून स्प्रिंगा काढा आणि चाक पट्ट्याने पूर्ण वर ओढा. या अवस्थेत मडगार्ड आणि हेडलाइट यांच्यात निदान २० मिमी जागा उरली पाहिजे, कारण टायरला चिखल चिकटतो आणि ब्रॅकेट थोडं लवतं. चाक तसंच वर ठेवून हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा. ब्रेकचा पाइप, क्लच केबल आणि हार्नेस (वायरिंगचा जुडगा) कुठे ताणले जातात ते तिथेच दिसतं. फ्रेमला स्थिर असलेली वायरिंग आता प्रत्येक वळणाला हलणार, म्हणून स्टेमजवळ (हँडल ज्यावर वळतं त्या दांड्याजवळ) एक सैल वळसा ठेवा आणि तिथे झिप टाय घट्ट आवळू नका. आवळलेल्या जागी तार आतून तुटते, बाहेरून इन्सुलेशन शाबूत दिसतं आणि हेडलाइट फक्त डावीकडे वळल्यावर का जातो हे शोधत बसावं लागतं.

आता चाक. मूळ टायर ९०/९०-२१, त्याचा व्यास सुमारे ६९५ मिमी. १००/९०-१९ घेतला तर सुमारे ६६३ मिमी. म्हणजे पुढची बाजू साधारण १६ मिमी खाली बसते, १४६५ मिमीच्या व्हीलबेसवर (दोन चाकांमधल्या अंतरावर) स्टीअरिंगचा कोन ०.६ अंशाने उभा होतो आणि ट्रेल (स्टीअरिंगची रेषा जमिनीला लागते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) कमी होते. गल्लीत गाडी चटकन वळते, वाळूत आणि सैल खडीत मात्र जास्त नाचते. शिवाय तेवढ्याच वेगाला पुढचं चाक जवळपास ५ टक्के जास्त फिरतं. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दोन्ही चाकांच्या वेगाची तुलना करतं, त्यामुळे सेन्सरची रिंग मूळचीच ठेवा आणि सेन्सरचं अंतर बदलू देऊ नका. हब मूळचा, फक्त रिम आणि स्पोक नवे, हा त्यातला बरा मार्ग. रिमच्या भोकांची संख्या आणि कोन हबशी जुळतो का हे आधी पाहा. माझं स्पष्ट मत सांगायचं तर कच्च्या रस्त्यावर जाणार असाल तर २१ इंची चाक ठेवा. दिसण्यात जो फरक हवा आहे तो बुटकं मडगार्ड आणि टायरचा ठोकळेदार पॅटर्न यांनीही पडतो.

रॅली बिल्ड टूरिंगला जास्त जवळचा, आणि गंमत म्हणजे ४११ चा स्थिर हेडलाइट इथे उपयोगी पडतो. उंच काच, दोन छोटे एलईडी दिवे आणि मीटरच्या वर नेव्हिगेशनचा दांडा असं सगळं एका टॉवरवर उभं राहतं. टॉवर आधी जाड पुठ्ठ्यात कापा, मग पत्र्यात. ४ मिमीचा ५०५२ प्रतीचा अॅल्युमिनियम पत्रा वाकवता येतो. ६०६१-टी६ प्रतीचा थंड वाकवला की बाकाच्या बाहेरच्या बाजूला तडा जातो. फॅब्रिकेटरकडे अॅल्युमिनियमचं वेल्डिंग चांगलं होत नसेल तर २.५ ते ३ मिमीचा साधा लोखंडी पत्रा घ्या, वजन थोडं वाढेल पण तुटणार नाही. जिथे टॉवर फ्रेमला बसतो तिथे रबरी ग्रोमेट आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, थरथरीने सैल न होणारे) हवेत. काच पॉलीकार्बोनेटची घ्या, अॅक्रिलिक नको. आणि तिच्या स्क्रूंना थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा द्रव) लावू नका: त्या द्रवाने पॉलीकार्बोनेटला भोकाभोवती बारीक चिरा पडतात आणि काही दिवसांनी काच तिथूनच फाटते.

मागची बाजू. सबफ्रेम (सीटखालची मागची फ्रेम) कापून शेपटी उडवलेले फोटो नेटवर भरपूर सापडतील. ती गाडी एकट्याने चहाला जायची असते. बॅगा लावायच्या असतील तर सबफ्रेम जशीच्या तशी राहू द्या आणि रॅक वेगळा बनवा. १६ मिमी बाहेरच्या व्यासाचा, १.६ ते २ मिमी जाडीचा पाइप पुरतो. पाइपचं टोक हातोड्याने चपटं करून त्यात भोक पाडायची पद्धत सर्रास दिसते. जिथे गोल पाइप चपटा होतो तिथेच तो तुटतो. त्याऐवजी ५ मिमीच्या पट्टीचे कान वेल्ड करा. खालचा पाय मागच्या फुटरेस्टच्या बोल्टपर्यंत आणा म्हणजे त्रिकोण तयार होतो, आणि डाव्या-उजव्या रॅकला नंबर प्लेटच्या मागून आडव्या पाइपने जोडा. हा आडवा पाइप नसेल तर खडबडीत रस्त्यावर दोन्ही बॅगा आत-बाहेर हेलकावतात आणि वरचे बोल्ट एकेक करून कापले जातात. सायलेन्सर उजवीकडे उंच आहे, तिथे बॅगेपासून ५० मिमी अंतर आणि मधे पत्र्याची ढाल हवी. वेल्डिंग शक्यतो रॅक गाडीवरून उतरवून करा. गाडीवरच टाका मारायचा असेल तर आधी बॅटरीच्या तारा आणि ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) कप्लर काढा.

टाकी बदलू नका. १५ लिटर आणि लिटरला ३० किमी धरले तर ४५० किमी. ९ लिटरच्या गोंडस टाकीत तोच आकडा २७० होतो. फ्युएल इंजेक्शनच्या मॉडेलमध्ये पंप टाकीतच बसतो, त्याची गोल फ्लॅंज नव्या टाकीत अचूक बसवणं हे वेगळंच दुखणं आहे. एअरबॉक्स काढून उघडा फिल्टर लावू नका. धूळ आणि पाणी आत जातं आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होऊन गाडी खालच्या आरपीएमला ठसकते. बदल्यात आवाज वाढतो, बस.

इंजिनाच्या २४.५ बीएचपीत वाढ करण्यावर पैसे घालवण्यापेक्षा पुढचं स्प्रॉकेट १५ दातांऐवजी १४ चं बसवा. मागे ३८ दात असताना गुणोत्तर २.५३ वरून २.७१ होतं, साधारण ७ टक्के. भरल्या गाडीने घाट चढताना फरक लगेच कळतो. हायवेवर तेवढ्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं, थरथर वाढते. सपाट हायवेच जास्त असेल तर राहू द्या.

वायरिंगमध्ये हिशेब सोपा आहे. मूळ एच४ बल्ब ६०/५५ वॅटचा. २० वॅटचे दोन जादा दिवे म्हणजे ४० वॅट, १२ व्होल्टवर सुमारे ३.३ अँपिअर. त्यासाठी बॅटरीवरून थेट १.५ चौरस मिमीची तार, बॅटरीजवळच ७.५ अँपिअरचा फ्यूज आणि रिले (छोट्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच). रिलेला इशारा चावी लावल्यावर चालू होणाऱ्या तारेवरून द्या, नाहीतर दिवे विसरून राहतात आणि ८ एएचची बॅटरी जेवण होईपर्यंत झोपते. सगळं चालू ठेवून इंजिन ३००० आरपीएमवर असताना बॅटरीवर १३.५ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १३ च्या खाली गेलं तर काहीतरी काढावं लागेल. एलईडी इंडिकेटर लावले की ते भराभर लुकलुकतात. फ्लॅशर रिले एलईडीचा घ्या. चुंबकाची टँक बॅग वापरणार असाल तर मीटरमधल्या कंपासवर भरवसा ठेवू नका.

कागदपत्रांचंही पाहून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील मूळ कंपनीच्या नोंदीपेक्षा वेगळा होईल असा बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. रॅक, काच, सीट यांनी आरसीवरचं काही बदलत नाही. रंग मात्र आरसीवर असतो, तो बदलला तर आरटीओत नोंद करून घ्या. विमा कंपनीलाही बदल कळवा, क्लेमच्या वेळी वाद नको.

रंग अगदी शेवटी. सगळं कच्चं, बिनरंगाचं जोडून ३००-४०० किमी चालवा, तेही बॅगांत वजन भरून. कुठे घासतंय, कुठला टाका सुटतोय, कुठला बोल्ट सैल होतोय ते समजतं, दुरुस्ती करता येते. मगच पार्ट उतरवून रंगाला द्या. फ्रेम पावडर कोटिंगला देणार असाल तर स्टीअरिंगच्या बेअरिंगच्या जागा, सगळे आटे आणि चॅसिस नंबर झाकायला सांगा. नंबर रंगाखाली बुजला की आरटीओच्या तपासणीत अडकाल. अर्थिंगचा बोल्ट जिथे फ्रेमला लागतो तिथला रंग परत घासून धातू उघडा करा, वर थोडं ग्रीस लावा. ते राहिलं तर गाडी कधी स्टार्ट होते, कधी नाही, आणि मेकॅनिक सगळ्यात आधी तुमच्या नव्या दिव्यांनाच दोष देईल.