प्री-मेडसाठी कॉलेज निवडताना : भाचीला पत्र

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

ॲडमिशन मिळालेल्या कॉलेजांची यादी पोचली. प्रत्येक नावापुढे तू रँक लिहिला आहेस, आणि फोनवर ताईचा एकच धोशा : "यातलं प्री-मेडला सगळ्यात भारी कुठलं, ते सांगून मोकळा हो." इतकी वर्षं इथे अमेरिकेत केमिस्ट्री शिकवतोय, त्यामुळे मला ते पाठच असणार असा तिचा समज आहे. असं एक नाव मला सांगता येणार नाही. काय विचारायचं आणि काय बघायचं, ते मात्र सांगतो.

आधी ताईला एक समजाव. तिच्या डोक्यात अजून बारावी आणि नीट आहे. इथे मेडिकलला जायच्या आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. त्या काळातल्या मेडिकलच्या तयारीला प्री-मेड म्हणतात, त्या नावाची डिग्री नसते. १८९३ साली जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल उघडलं तेव्हा त्यांनी आधी पदवी हवी अशी अट घातली, आणि पुढे तीच रीत देशभर रुळली. (आपल्या आनंदीबाई १८८६ मध्येच फिलाडेल्फियाहून एम. डी. होऊन मोकळ्या झाल्या होत्या.) बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, सगळं लॅबसकट, शिवाय बहुतेक ठिकाणी बायोकेमिस्ट्री, एवढं केलंस की मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, इतिहास असला तरी कोणी अडवत नाही.

आता आकड्यांचं बघू. कॉलेज दाखवायच्या टूरवर तुला हमखास ऐकवतील, "आमच्या दहातल्या नऊ प्री-मेड मुलांना मेडिकलला प्रवेश मिळतो." देशभरात एका वर्षी अर्ज करणाऱ्यांतल्या निम्म्यांनाही कुठे प्रवेश मिळत नाही, मग इथे नऊ कसे? हे दहा जण कोण, ते विचार. बऱ्याच कॉलेजांत प्री-मेड कमिटी प्रत्येकासाठी एक शिफारसपत्र लिहिते, आणि काही ठिकाणी जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, अमुक एका रेषेखाली असला तर ते लिहीतच नाही. असा मुलगा बहुधा अर्जच करत नाही, म्हणजे त्या दहांत तो धरलेलाच नसतो. तेव्हा सरळ विचार : पहिल्या सेमिस्टरला जनरल केमिस्ट्रीच्या वर्गात डॉक्टर व्हायचंय म्हणणारे किती होते, आणि त्यातल्या किती जणांनी शेवटी अर्ज भरला? उत्तर देताना समोरचा चाचरला तर समजून जा.

मेडिकलच्या अर्जात बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा जीपीए वेगळा काढतात, म्हणून ऑरगॅनिकची एवढी धास्ती. २०२२ मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत ३५० पैकी ८२ मुलांनी ऑरगॅनिकच्या प्राध्यापकांविरुद्ध तक्रारअर्जावर सह्या केल्या आणि कॉलेजने प्राध्यापकांनाच नारळ दिला. गृहस्थांचं पाठ्यपुस्तक नावाजलेलं. चूक कोणाची यावर आम्हा केमिस्ट्रीवाल्यांत अजून जुंपते. माझ्या मते, कठीण शिकवायला हरकत नाही, पण अडखळलेल्या मुलाला हात द्यायला कोणीतरी हवं. न्यू ऑर्लीन्सची झेवियर युनिव्हर्सिटी बघ. कॉलेज लहान, पैसा बेताचा, तरी कृष्णवर्णीय मुलांना डॉक्टर करण्यात वर्षानुवर्षं भल्याभल्यांच्या पुढे. तिथे मुलांना गटाने अभ्यासाला बसवतात आणि कच्चं राहिलेलं पुन्हा पुन्हा घोटून घेतात.

म्हणून व्हिजिटला गेलीस की डॉर्म आणि मेसमध्ये दिवस घालवू नकोस. ऑरगॅनिकची लॅब चालू असेल तेव्हा आत डोकावायला मिळतं का, विचार. सेपरेटरी फनेल (न मिसळणारे द्रव वेगळे करायचं काचेचं भांडं) हलवताना तो उलटा धरून मधूनमधून कॉक उघडायचा असतो, नाहीतर आत वाफ कोंडून बूच उडतं. ते कोणी शेजारी उभं राहून दाखवतंय, की मुलं एकमेकांचं बघून करताहेत? टीए, म्हणजे शिकवायला मदत करणारा सीनियर विद्यार्थी, फ्लास्कजवळ आहे की फोनमध्ये? दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला गाठून विचार, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सरांच्या केबिनबाहेर किती रांग असते. पुढे सायन्सच्या निदान दोन प्राध्यापकांची पत्रं लागतील. ज्याने तुला पाचशेच्या हॉलमध्ये फक्त लांबून पाहिलंय, तो काय लिहिणार? कपाळ!

बाकीचं थोडक्यात. एपी केमिस्ट्रीत (शाळेतच देतात त्या कॉलेज-पातळीच्या परीक्षेत) पैकीच्या पैकी ५ मिळाले म्हणून जनरल केमिस्ट्री सोडायची घाई करू नकोस, काही मेडिकल स्कूल ते क्रेडिट धरत नाहीत. एमकॅटच्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या, चार भागांतला एक निव्वळ वाचून विचार करण्याचा असतो आणि आपली हुशार मुलं तिथेच आपटतात, तेव्हा भरपूर वाचायला लावणारे एक-दोन कोर्स घे. ब्राऊन युनिव्हर्सिटीसारखा पदवी आणि मेडिकल मिळून आठ वर्षांचा जोड-प्रोग्राम मिळाला नाही म्हणून रडू नकोस. सतराव्या वर्षी सगळं ठरवून टाकण्यात काही मोठं शहाणपण आहे असं मला वाटत नाही.

तुमचं ग्रीन कार्ड आलं हे फार बरं झालं. परदेशी विद्यार्थ्यांना बरीच मेडिकल स्कूल घेतच नाहीत.

आता पैसे. कर्ज काढून मेडिकल करणाऱ्यांवर शेवटी साधारण दोन लाख डॉलरचा बोजा असतो, तोही फक्त मेडिकलचा. त्याआधीची चार वर्षं नावापायी महागात काढायची का, हे ताई-भाऊजींनी बसून ठरवावं. यादीत तळाला टाकलेलं रटगर्स, आपल्या न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ, मी वर घेईन : घरच्या राज्यातल्यांना लागते ती कमी फी, आणि मेडिकल शिक्षण त्याच विद्यापीठाच्या छत्राखाली. वर्ग अवाढव्य आहेत, हे खरं. तिथे प्राध्यापकाकडे तुलाच जावं लागेल, आणि तू लाजाळू आहेस. तेवढ्यासाठी एखाद्या लहान कॉलेजने घसघशीत स्कॉलरशिप दिली तर माझं मत बदलू शकतं.

१ मेच्या आत होकार कळवायचा आहे. सगळ्या कॉलेजांची फायनान्शियल एडची पत्रं मला फोटो काढून पाठव. त्यात कर्ज किती आणि खरी मदत किती, ते रविवारी फोनवर वेगळं करू. भाऊजींनाही बसव.

तुझा,
मामा