वाचकांचे प्रश्न: माफीचं पत्र देण्याआधी

प्रश्न: वकीलताई, नमस्कार. लालबागला आमचा मसाल्याचा छोटा व्यवसाय आहे. अख्खी मिरची आणून डंकावर कुटून घेतो आणि घरीच पाकिटं भरतो. एफडीएवाल्यांनी (अन्न व औषध प्रशासन) मिरचीपुडीचा नमुना नेला होता, त्याचा अहवाल 'असुरक्षित' असा आला. त्यांनी लेखी खुलासा मागितलाय आणि धंदा बंद ठेवा असं तोंडी सांगून गेलेत. त्यात पोलीस ठाण्यातून आमच्या ह्यांना नोटीस आली. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, 'चूक झाली, माफ करा' असं लिहून द्या, मिटेल. नाही मिटलं तर सरळ हायकोर्टात जा. काय करावं?
- एक भगिनी, लालबाग

उत्तर: ताई, ते पत्र देऊ नका. लिहून ठेवलं असेल तर घरातच राहू द्या.

आपली माणसं साहेबासमोर नरम बोलतात, दोन ओळी माफीच्या लिहून देतात. त्यात वाईट हेतू नसतो. पण तुमच्या एकाच पाकिटातून तीन प्रकरणं उभी राहू शकतात: एफडीएचं, फौजदारी आणि हायकोर्टातलं. एका टेबलावर दिलेला कागद दुसऱ्या टेबलावर पोचतोच. पोलीस जबाब लिहून घेतात, त्यावर सही घ्यायची नसते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं, कलम 181 तसं सांगतं. एफडीएला दिलेल्या पत्रावर मात्र तुमची सही असते. किल्ला कोर्टात एका दूधवाल्याच्या खटल्यात मी उलटतपासणी ऐकत बसले होते. सरकारी वकिलांनी असंच एक पत्र त्याच्या हातात दिलं आणि एवढंच विचारलं, 'खाली सही कोणाची?' भेसळ टँकरवाल्याने केली होती की नाही, हा त्याचा खरा मुद्दा पुढे कोणी नीट ऐकलाच नाही.

मग खुलाशात काय लिहायचं? फक्त घडलेलं. मिरची कोणाकडून घेतली, बिल क्रमांक, तारीख, माल कोणत्या बॅचचा, उरलेली पाकिटं दुकानांतून परत मागवली का. विक्रेत्याने बिलावर मालाची हमी दिली असेल तर त्याची प्रत जोडा. पुरेशी काळजी घेतली होती हा बचाव अन्न सुरक्षा कायद्यात आहे (कलम 80), पण तो कागदांवर उभा राहतो.

त्याआधी अहवाल नीट वाचा. नमुना 'असुरक्षित' ठरला तर फौजदारी खटला. 'कमी दर्जाचा' किंवा नुसता लेबलचा दोष असेल तर दंडाचं प्रकरण, तुरुंगाचं नाही. असुरक्षित कशामुळे तेही पाहा: बाहेरून घातलेला रंग, की दमट मिरचीवरच्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन? बचाव त्यावर ठरतो. नमुन्याचे चार भाग केलेले असतात आणि पहिल्या अहवालाविरुद्ध 30 दिवसांत अपील करता येतं. अपील मान्य झालं तर राखलेला भाग फेरतपासणीच्या (रेफरल) प्रयोगशाळेत जातो आणि तिचा निकाल अंतिम असतो. अहवाल हातात पडला तो दिवस तो ज्या पाकिटातून आला त्यावर लिहून ठेवा, पाकीट फेकू नका. माझ्याकडे लोक येतात ते बहुधा हे 30 दिवस उलटल्यावर, म्हणून हे जीव तोडून सांगते.

पोलिसांच्या नोटिशीवरचं कलम बघा. नागरिक सुरक्षा संहितेचं 179 असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलंय. 35(3) असेल तर संशय तुमच्यावर आहे, पण नोटीस पाळून हजर राहिलात तर लेखी कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. तेव्हा जायचंच. सोबत वकील न्या, आणि स्वतःला गोवणारं उत्तर द्यायला भाग पाडता येत नाही, हे घटनेचं कलम 20(3) ह्यांना समजावून सांगा. मुळात पोलिसांनी कोणती कलमं लावलीत तेही विचारा. अन्न सुरक्षा कायद्याचं कलम 59 लागू असताना त्याच गोष्टीसाठी जुन्या दंडसंहितेतली भेसळीची 272 आणि 273 ही कलमं चालणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये राम नाथ प्रकरणात म्हटलंय. दंडसंहितेच्या जागी आलेल्या नव्या न्याय संहितेत तीच कलमं 274 आणि 275 म्हणून आली आहेत. तुमच्या एफआयआरमध्ये ती असतील तर हा मुद्दा घेऊन हायकोर्टात जाणं योग्य ठरेल.

धंदा बंद ठेवण्याचं मात्र उलट आहे. तोंडी आदेशाविरुद्ध अपील करता येत नाही, म्हणून तो आधी लेखी मागा. एरवी सुधारणा नोटीस द्यावी लागते, त्यात कारणं आणि किमान 14 दिवसांची मुदत हवी. लोकांच्या आरोग्याला धोका असेल तर कारणं लिहून परवाना ताबडतोब निलंबितही करता येतो, हेही खरं. त्यावर अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील असतं, मुदत फार तर 15 दिवस. ते सोडून घटनेच्या कलम 226 खाली रिट (थेट हायकोर्टात अर्ज) केलंत तर न्यायमूर्ती पहिल्यांदा विचारतील, 'अपील केलंत का?' म्हणणं ऐकूनच घेतलं नाही, किंवा अधिकारच नसलेल्याने आदेश काढला, असं असेल तर अपिलाची वाट न पाहता हायकोर्टाचं दार उघडतं. 1998 च्या व्हर्लपूल निकालापासून सुप्रीम कोर्ट हे सांगत आलंय.

आणि तोवर त्या बॅचचं एकही पाकीट विकू नका. खटल्यापेक्षा खाणाऱ्याचं पोट आधी.

प्रश्न: मी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. बॅरिस्टर होऊन फौजदारी करावी की रिटची कामं?
- एक विद्यार्थी, डोंबिवली

उत्तर: 1961 च्या अॅडव्होकेट्स अॅक्टनंतर इथे बॅरिस्टर असा वेगळा वर्ग नाही. डॉ. आंबेडकर लंडनच्या ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेतून बॅरिस्टर होऊन मुंबई हायकोर्टात आले, तो काळ वेगळा. आज सगळे अॅडव्होकेट, त्यातल्या काहींना कोर्ट सीनियर नेमतं. निवड एवढ्यात करू नका. पहिलं वर्ष मॅजिस्ट्रेट कोर्टात काढा, रिमांड आणि जामिनाचे अर्ज स्वतः लिहा. वरचं उत्तर वाचलंत तर कळेल, लालबागच्या त्या ताईंना तिन्ही कामं येणारा एकच वकील हवाय.