व्हॅक्यूम क्लीनरची स्वस्त बॅग वापरली तर मशीनच्या ओढीवर खरंच फरक पडतो का?

हो, पडतो, आणि चांगलाच पडतो. बॅग म्हणजे नुसती कचऱ्याची पिशवी नाही, तोच पहिला फिल्टर असतो, मशीन ओढतं ती सगळी हवा तिच्यातूनच बाहेर पडते. साध्या कागदी बॅगेची छिद्रं बारीक धुळीने पटकन बुजतात, मग बॅग अर्धीच भरलेली असली तरी ओढ कमी होते आणि आपण उगाच पाइपात काय अडकलंय ते बघत बसतो. त्यात बऱ्याच मशीनमध्ये मोटर याच हवेवर गार होते, त्यामुळे हवा अडली की मोटर तापते, आवाज चढतो, कधीकधी मशीन आपोआप बंदही पडतं. तीन-चार थरांच्या सिंथेटिक कापडी बॅगेत हे बरंच उशिरा होतं. पण माझ्या मते कापडापेक्षा तोंडाचा पुठ्ठा आधी बघा, तो खाचेत घट्ट बसला नाही तर धूळ बाजूने निसटून मोटरच्या फिल्टरवर जाते, तिथे राखाडी थर दिसला की समजा बॅग लीक आहे. ओरिजिनलच पाहिजे असं काही नाही, फिटिंग बरोबर हवं. आणि हो, प्लास्टरची धूळ ओढली असेल तर बॅग लगेच बदला, आणि कागदी बॅग झटकून परत लावू नका, फाटते.